बारावीला पन्नास-साठ टक्के आणि तत्त्वज्ञान शिकायचंय: बडोद्याच्या मुलांचे आणि पालकांचे नेहमीचे प्रश्न

मे महिन्यात गुजरात बोर्डाचा निकाल लागला की माझ्या फोनवर तेच ते प्रश्न यायला लागतात. दांडिया बाजार, रावपुरा, प्रतापनगर, मांजलपूर, कारेलीबाग, मराठी घरं सगळीकडे आहेत आणि दर वर्षी त्यातल्या चार-दोन घरांत कुणीतरी म्हणतं, "मला तत्त्वज्ञान घ्यायचंय." मार्क मध्यम असतात आणि घरचे गोंधळलेले असतात. मी स्वतः बारावीला ५३ टक्के घेऊन याच वाटेने गेले. म्हणून जे माहीत आहे ते सगळं सांगते. प्रवेशाचे नियम दर वर्षी थोडेफार बदलतात, तेव्हा फॉर्म भरण्याआधी त्या वर्षीचं माहितीपत्रक वाचाच.

१. बारावी आर्ट्सला ५४ टक्के आहेत. तत्त्वज्ञानाला कुठे प्रवेश मिळेल का?

मिळेल. या विषयाला झुंबड नसते. मानसशास्त्र, इंग्रजी, अर्थशास्त्र यांच्या जागा आधी भरतात, तत्त्वज्ञानाच्या बहुतेक ठिकाणी उरतात. दिल्ली-मुंबईची मोजकी नावाजलेली कॉलेजं सोडली तर ५४ टक्क्यांना दार बंद नाही.

त्यामुळे "मला कोण घेईल?" या काळजीत सगळा मे महिना घालवू नका. शोधायचं ते हे, की तुम्ही लिहिलेलं वाचून, त्यावर खुणा करून, परत हातात देणारं माणूस कुठल्या कॉलेजात आहे. तत्त्वज्ञान लिहून आणि तपासून घेऊन येतं. मध्यम मार्कांच्या मुलाला तर याची गरज सगळ्यात जास्त असते, कारण शाळेत त्याचं लिखाण कुणी नीट वाचलेलंच नसतं. असं कॉलेज ओळखायचं कसं, ते प्रश्न ८ मध्ये सांगितलंय.

२. यात नेमकं शिकवतात काय? प्रवचनासारखं असतं का?

प्रवचन नसतं. एका बाजूला भारतीय दर्शनं असतात: चार्वाक, बौद्ध, जैन, न्याय-वैशेषिक, सांख्य-योग, मीमांसा, वेदान्त. दुसऱ्या बाजूला सॉक्रेटिस, प्लेटो, अ‍ॅरिस्टॉटलपासून देकार्त, ह्यूम, कांटपर्यंतची पाश्चात्त्य परंपरा. शिवाय नीतिशास्त्र, ज्ञानमीमांसा (ज्ञान म्हणजे काय, ते कसं होतं, याचा विचार) आणि तर्कशास्त्र. तर्कशास्त्रात सत्यता-कोष्टकं, म्हणजे विधान केव्हा खरं आणि केव्हा खोटं याचे तक्ते, सोडवावी लागतात. गणिताला घाबरून आर्ट्सला आलेल्या मुलांना तिथे पहिल्या महिन्यात घाम फुटतो. त्यातल्याच काहींना पुढे तोच पेपर सगळ्यात आवडतो, हेही मी पाहिलंय.

घरी ज्ञानेश्वरी, दासबोध वाचला जातो म्हणून विषय सोपा जाईल, असं काही पालकांना वाटतं. कान तयार झालेला असतो हे खरं. पण वर्गात "समर्थ म्हणतात" एवढ्यावर थांबता येत नाही. ते का मानायचं आणि न मानणाऱ्याला काय उत्तर द्यायचं, हे लिहावं लागतं.

३. हा विषय मला झेपेल का, हे प्रवेश घेण्याआधी कसं कळेल?

घरच्या घरी एक परीक्षा घ्या. अनुमानाचा नेहमीचा नमुना असा: डोंगरावर आग आहे, कारण तिथे धूर आहे, जिथे जिथे धूर तिथे तिथे आग, जसं स्वयंपाकघरात.

आता जानेवारीतल्या पहाटे कमाटीबागेत विश्वामित्रीच्या पुलावर उभे आहात अशी कल्पना करा. पलीकडच्या झाडांत काहीतरी पांढुरकं तरंगतंय. धूर असेल, नाहीतर नदीवरचं धुकं असेल, नाहीतर कुणी झाडलोट करताना उडालेली धूळ. तुम्हाला ठरवता येत नाही. अशा वेळी "तिथे आग आहे" असं म्हणता येईल का? "जिथे धूर तिथे आग" हा नियम तर खोटा पडलेला नाही. मग बिघडलं कुठे? पाच-सात ओळींत लिहा. दुसऱ्या दिवशी स्वतःचंच वाचा आणि त्यातलं एक वाक्य खोडून काढायचा प्रयत्न करा.

हे कोडं माझं नाही. शंकरस्वामींच्या नावावर असलेल्या 'न्यायप्रवेश' या बौद्ध तर्कग्रंथात अशा संशयातल्या धुराला हेत्वाभासांत, म्हणजे सदोष कारणांत, स्वतंत्र जागा दिली आहे: संदिग्धासिद्ध. ज्या कारणाबद्दल आपलीच खात्री नाही, त्याच्या आधारावर दुसरं काही सिद्ध करता येत नाही. हा ग्रंथ छापला तो आपल्या बडोद्याने, गायकवाड ओरिएंटल सिरीजमध्ये, आनंदशंकर ध्रुवांच्या संपादनाखाली, १९३० साली.

उत्तर ग्रंथाशी जुळलं का, याला महत्त्व देऊ नका. लिहिताना चहा गार झाला आणि लक्षातच आलं नाही, असं झालं असेल तर विषय तुमचा आहे. दोन ओळींनंतर "असल्या गोष्टीने काय फरक पडतो" असं वाटलं, तर तेही आत्ताच कळलेलं बरं.

४. मी कॉमर्सची आहे. बारावीला तत्त्वज्ञान नव्हतं. चालेल का?

चालतं. बीएला सायन्स, कॉमर्स, आर्ट्स तिन्ही शाखांची मुलं येतात आणि पहिल्या सत्रात विषय मुळापासून सुरू होतो. गुजरात बोर्डात आर्ट्सला तत्त्वज्ञान हा विषय आहे, पण तो घेतलेल्यांची आघाडी फार तर दिवाळीपर्यंत टिकते.

५. बडोद्यातच राहायचं असेल तर पर्याय काय?

महाराजा सयाजीराव विद्यापीठाची कला शाखा, म्हणजे स्टेशनजवळची ती मोठ्या घुमटाची इमारत. तिथे तत्त्वज्ञानाचा विभाग आहे, बीए आणि एमए दोन्ही होतं. बडोदा कॉलेज १८८१ मध्ये सुरू झालं, त्याचं १९४९ मध्ये विद्यापीठ झालं आणि हंसा मेहता पहिल्या कुलगुरू झाल्या. श्रीअरविंद १८९३ ते १९०६ बडोद्यात होते आणि याच कॉलेजात त्यांनी शिकवलं. पुढे १९०७ सरून १९०८ लागताना ते पुन्हा इथे आले, तेव्हा विष्णू भास्कर लेले या मराठी योग्यासोबत ते सरदार मजुमदारांच्या वाड्याच्या वरच्या मजल्यावर ध्यानाला बसले होते. आपल्या आजोबा-पणजोबांच्या गल्ल्यांतला हा इतिहास आहे आणि मला त्याचा मनापासून अभिमान वाटतो.

पण तुम्हाला शिकवणार आहेत ते आजचे शिक्षक. म्हणून नावावर न जाता प्रश्न ८ मधली चौकशी इथेही करा.

६. जीकॅसच्या फॉर्ममध्ये तत्त्वज्ञान कितव्या क्रमांकावर टाकू?

गुजरातच्या सरकारी विद्यापीठांचे प्रवेश २०२४ पासून जीकॅस या एकाच पोर्टलवरून होतात आणि सयाजीराव विद्यापीठही त्यातच आहे. खरंच तत्त्वज्ञान हवं असेल तर ते पहिल्या क्रमांकावर टाका. "आधी मानसशास्त्र टाकू, नाही मिळालं तर तत्त्वज्ञान" हा हिशेब बरीच मुलं करतात. मग मानसशास्त्र मिळतं, ते नको असतं, आणि पुढचे दोन महिने विषय बदलून घेण्यासाठी ऑफिसच्या खिडकीपुढे उभं राहण्यात जातात. नको असलेला विषय यादीत टाकूच नका.

कागदपत्रांवरचं नाव सगळीकडे एकसारखं आहे ना, ते पाहा. मराठी घरांत ही अडचण हमखास येते. दाखल्यावर आडनाव आधी, आधारवर शेवटी, 'राव' किंवा 'बेन' एका ठिकाणी आहे आणि दुसऱ्या ठिकाणी नाही. निकालाच्या आधीच दुरुस्ती करून ठेवा.

७. मार्कशीटवर पर्सेंटाइल ७४ आहे आणि टक्के ६०. कुठला आकडा धरायचा?

विचारला असेल तो. टक्के म्हणजे तुमचे मार्क. पर्सेंटाइल म्हणजे तुमच्यामागे किती टक्के परीक्षार्थी आहेत, तो आकडा. गुजरात बोर्ड दोन्ही छापतं. पुण्या-मुंबईच्या कॉलेजांचे फॉर्म टक्के मागतात, तिथे पर्सेंटाइल लिहून टाकणारी मुलं पडताळणीत अडकतात. उलट मुख्यमंत्री युवा स्वावलंबन योजनेची गुणांची अट पर्सेंटाइलमध्ये आहे: बारावीला ८० पर्सेंटाइल किंवा जास्त, आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ६ लाखांपर्यंत. टक्के कमी दिसतात म्हणून योजना आपल्यासाठी नाही असं धरून चालू नका. आधी पर्सेंटाइल बघा.

८. कॉलेज बघायला गेल्यावर काय विचारायचं? बाहेरून सगळी सारखीच दिसतात.

हा प्रश्न सगळ्यात कमी येतो आणि सगळ्यात जास्त यायला हवा.

पहिल्यांदा विचारा: गेल्या तीन वर्षांत तिसऱ्या वर्षाला तत्त्वज्ञान मेजर, म्हणजे मुख्य विषय, म्हणून घेतलेली मुलं किती होती? पहिल्या वर्षाचा आकडा विचारू नका. पहिल्या वर्षाला हा विषय मायनर (दुय्यम विषय) म्हणून किंवा वेळापत्रकात बसतो म्हणून घेतलेली मुलं असतात. तिसऱ्या वर्षाचा आकडा शून्य आला, तर ते मेजर फक्त कागदावर आहे.

हे मी सोसलेलं आहे. मी आधी ज्या कॉलेजात गेले तिथे माहितीपत्रकात तत्त्वज्ञान मुख्य विषय म्हणून छापलेलं होतं. दुसऱ्या वर्षी आम्ही तिघंच उरलो. जुलैच्या एका दुपारी ऑफिसातल्या बाईंनी फाइल न उघडताच सांगितलं, "तिघांसाठी वर्ग चालत नाही, समाजशास्त्र घ्या." दोघांनी घेतलं. मी घेतलं नाही आणि माझं एक वर्ष गेलं. म्हणून मी आता प्रत्येकाला सांगते, की वर्ग चालवायला किमान किती मुलं लागतात आणि तेवढी झाली नाहीत तर काय करणार, हे आधीच विचारा, आणि जमलं तर ईमेलवर उत्तर घ्या.

मग शिक्षक. किती कायम, किती हंगामी, आणि तर्कशास्त्र कोण शिकवतं? एकच माणूस सगळे पेपर शिकवत असेल तर तो थकलेला असतो, कितीही चांगला असला तरी. त्यांना भेटा. "सर, मला बारावीला ५४ आहेत, जमेल का?" असं सरळ विचारा. उत्तरापेक्षा ते तुम्हाला बसायला सांगतात का, हे मला जास्त बोलकं वाटतं.

तिसऱ्या वर्षाच्या मुलाला गाठून त्याची तपासलेली असाइनमेंट बघायला मागा. शेवटी नुसते "१४/२०" आहेत, की मजकुरात कुठे रेघ आहे, कुठे प्रश्नचिन्ह आहे? दुसऱ्या कॉलेजात माझ्या पहिल्या निबंधाच्या समासात सरांनी लाल शाईने लिहिलं होतं, "हे तू म्हणतेस की पुस्तक?" पाच शब्दांची ती ओळ मला तीन वर्षं पुरली. असा समास जिथे दिसेल ते कॉलेज घ्या, मग ते स्टेशनपासून लांब असो की त्याची इमारत पडकी असो.

ग्रंथालयात तत्त्वज्ञानाच्या कपाटातली तीन-चार पुस्तकं काढा आणि शेवटच्या पानावरचे तारखांचे शिक्के बघा. जुन्या प्रश्नपत्रिका चाळा. "टीपा लिहा" आणि "सविस्तर माहिती द्या" याखेरीज काही आहे का? "परीक्षण करा", "सहमत आहात का, कारणे द्या" असे प्रश्न येत असतील तर तिथे विचार करायला लावतात.

९. घरी मराठी, शाळा गुजराती, आणि पुस्तकं इंग्रजी. कसं निभावणार?

सयाजीराव विद्यापीठात शिक्षण मुख्यतः इंग्रजीतून होतं. प्रवेश घेण्याआधी विभागात जाऊन विचारा, की उत्तरपत्रिका कुठल्या भाषेत लिहिता येते आणि वर्गात कुठली भाषा चालते. दोन्हींची उत्तरं वेगळी असू शकतात.

पण तीन भाषांना ओझं समजू नका. तत्त्वज्ञानात अर्धी लढाई शब्दांशी असते आणि तुमच्याकडे एका कल्पनेला तीन बाजूंनी धरायची सोय आहे. आपण मराठीत 'माझा अनुभव' म्हणतो आणि 'मला प्रचिती आली' असंही म्हणतो. दोन्हींत फरक काय? 'खात्री', 'विश्वास' आणि 'श्रद्धा' यांत? ज्याला हे फरक कानाने कळतात, त्याला ज्ञानमीमांसेचा पहिला धडा निम्मा आलेला असतो.

मी करायचे ते सांगते. दोनशे पानी वही घ्यायची, प्रत्येक पानाचे तीन रकाने करायचे. डावीकडे इंग्रजी संज्ञा, मध्ये मराठी-संस्कृत शब्द, उजवीकडे स्वतःच्या बोलीतलं एक वाक्य, ज्यात ती कल्पना खरोखर वापरली आहे. उजवा रकाना भरता आला नाही तर संज्ञा कळलेली नाही असं समजायचं. पहिल्या सत्रात माझ्या वहीतले निम्मे उजवे रकाने कोरे होते.

शिवाय मराठीत तत्त्वज्ञान लिहायची जुनी, घट्ट परंपरा आहे. मे. पुं. रेगे, सुरेंद्र बारलिंगे यांचं लेखन वाचा. अमळनेरला प्रतापशेठजींनी १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं आणि कृष्णचंद्र भट्टाचार्यांसारखा तत्त्वज्ञ तिथे येऊन राहिला. आपल्या खानदेशातल्या एका गावात हे घडलं. "मराठीत हा विषय होत नाही" असं कुणी म्हणालं तर हे सांगा.

१०. पुण्याला किंवा मुंबईला जावं का?

परवडत असेल आणि प्रश्न ८ मधली चौकशी समाधानकारक निघाली तर जरूर जा. पुण्यात फर्ग्युसन आणि स. प. महाविद्यालयात, मुंबईत रुइया, विल्सन, सेंट झेवियर्समध्ये तत्त्वज्ञान शिकवलं जातं. पुण्याला व्याख्यानं, जुनी पुस्तकं, वाद घालणारी माणसं जास्त भेटतात. एमएसाठी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा विभाग आहे.

खोलीभाडं आणि मेस यांचा खर्च फीपेक्षा कितीतरी जास्त होतो, हे मात्र घरी आधी बोलून घ्या. "मराठी वातावरण मिळेल" एवढ्याच कारणासाठी जात असाल तर थांबा. मध्यम मार्कांच्या मुलाला पहिल्या वर्षी घरचं जेवण आणि ओळखीचं गाव यांचा किती आधार असतो, हे गेल्यावरच कळतं. बीए बडोद्यात आणि एमए पुण्याला, हा क्रम मी अनेकांना सुचवते. बारावीनंतर लगेच जाणार असाल तर गुजरात बोर्डाचं मायग्रेशन सर्टिफिकेट लागेल, ते आधीच काढून ठेवा. आरक्षणाचं प्रश्न १८ मध्ये आहे.

११. सीयूईटी दिली तर कमी टक्के धुऊन निघतात का?

बऱ्याच अंशी, हो. २०२२ पासून दिल्ली विद्यापीठ, बनारस हिंदू विद्यापीठ यांसारख्या केंद्रीय विद्यापीठांत पदवीचा प्रवेश सीयूईटी या सामाईक प्रवेश परीक्षेच्या गुणांवर होतो. बारावी पास असणं ही पात्रता आहे. दिल्ली विद्यापीठात बारावीचे मार्क मुख्यतः दोघांचे गुण सारखे झाले तर बघतात. वर्षभर अभ्यास न करता परीक्षेच्या तोंडावर जागे झालेल्या हुशार मुलाला ही खरी दुसरी संधी आहे. पेपर मराठीतून आणि गुजरातीतूनही देता येतो. बरोबर उत्तराला ५ गुण, चुकलं तर १ वजा.

अडचण अशी, की फॉर्म बारावीच्या निकालाच्या कितीतरी आधी भरावा लागतो. निकाल बघून ठरवू म्हणणाऱ्यांची गाडी सुटलेली असते. पदवीच्या सीयूईटीत तत्त्वज्ञान हा वेगळा विषय नाही. भाषा, बारावीचे विषय आणि सामान्य चाचणी यांतून निवड करावी लागते, आणि कुठलं कॉलेज कुठले विषय धरतं ते माहितीपत्रकात असतं. दिल्लीत हिंदू, मिरांडा हाउस, लेडी श्रीराम यांना गुण भरपूर लागतात. पण त्याच विद्यापीठाच्या इतर कॉलेजांतही तत्त्वज्ञान ऑनर्स आहे, अभ्यासक्रम तोच आणि परीक्षा तीच. नावाच्या मागे लागून ती कॉलेजं यादीतून गाळू नका.

१२. घरच्यांना बीकॉम हवंय, मला तत्त्वज्ञान. दोन्ही करता येईल का? मुक्त विद्यापीठाची पदवी धरतात का?

एप्रिल २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने एकाच वेळी दोन पदव्यांना परवानगी दिली. एक नियमित आणि एक दूरस्थ, असं करता येतं. मान्यताप्राप्त मुक्त विद्यापीठाची पदवी नोकरी आणि पुढच्या शिक्षणासाठी नियमित पदवीच्या बरोबरीची धरली जाते. दुसरा रस्ता म्हणजे आधी बीकॉम पूर्ण करून मग इग्नू या मुक्त विद्यापीठाचं एमए तत्त्वज्ञान. त्याला कुठल्याही शाखेची पदवी चालते. उणीव एकच, पण मोठी. तुमच्याशी वाद घालायला समोर कुणी नसतं. ती कशी भरून काढायची ते प्रश्न २० मध्ये.

१३. खासगी विद्यापीठं जाहिरातीत तत्त्वज्ञान दाखवतात. घ्यावं का?

काही ठिकाणी शिकवणं उत्तम आहे आणि मार्कांपलीकडे निबंध, मुलाखतही बघतात. पण फी सरकारी विद्यापीठाच्या अनेक पट असते. फी-माफीचं लेखी पत्र हातात आल्याशिवाय हो म्हणू नका. बीए तत्त्वज्ञानासाठी मोठं कर्ज काढावं असं मी कुणालाही सांगणार नाही.

१४. तीन वर्षं की चार? ७५ टक्क्यांची काय भानगड आहे?

नव्या शैक्षणिक धोरणात तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं किंवा चौथं वर्ष करून ऑनर्स घेता येतं. संशोधनासह ऑनर्स हवं असेल तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आराखड्यात पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात, आणि चार वर्षांच्या पदवीवरून थेट पीएचडीला जायलाही ७५. बारावीला ५५ मिळालेल्या मुलाने हा आकडा पाहून खचू नये. तीन वर्षं, मग दोन वर्षांचं एमए आणि त्यात ५५ टक्के, हा जुना रस्ता चालू आहे. बारावीचे मार्क तर इथे कुणी विचारतच नाही. मोजायला सुरुवात पहिल्या सत्रापासून होते.

१५. बाबा विचारतात, "पोट कसं भरणार?" काय सांगू?

बाबांचा प्रश्न रास्त आहे, त्यांना आकड्यांत उत्तर द्या. तीन वर्षांच्या एलएलबीला पदवीत खुल्या वर्गाला किमान ४५ टक्के लागतात, आणि तर्कशास्त्र शिकलेल्याला कायदा परका वाटत नाही. बीएडला ५०. कॉलेजात शिकवायचं असेल तर एमएला ५५ आणि मग नेट ही पात्रता परीक्षा. त्यात जेआरएफ ही संशोधनवृत्ती मिळाली तर महिन्याला ३७,००० रुपये, हा दर जानेवारी २०२३ पासून आहे. यूपीएससीला नुसती पदवी लागते, टक्क्यांची अट नाही. मुख्य परीक्षेत तत्त्वज्ञान हा ५०० गुणांचा वैकल्पिक विषय आहे आणि उत्तरं मराठीतून लिहिता येतात. आयआयटीत संशोधनाकडे जायचं असेल तर २०२१ पासून गेट या परीक्षेत मानव्यविद्येचा पेपर आहे आणि त्यात तत्त्वज्ञानाचा विभाग आहे.

पदवी हातात आली की लगेच नोकरी, असं या विषयात होत नाही. पुढचे दोन-तीन वर्षं अजून काहीतरी शिकावं लागतं, तेवढी तयारी घराने ठेवावी. बाबांना हे आत्ताच सांगा.

१६. एक वर्ष समाजशास्त्र झालं. आता तत्त्वज्ञानात येता येईल?

आयोगाच्या त्याच आराखड्यानुसार पहिल्या वर्षानंतर त्याच शाखेतला मेजर बदलता येतो. कॉलेजात जागा असायला हवी आणि राहिलेले पेपर भरून काढावे लागतात. अर्ज दुसऱ्या सत्राची परीक्षा संपताच द्या. निकालाची वाट बघत बसलात तर जागा आणि मुदत दोन्ही जातात.

१७. एका विषयात नापास झालो, पूरक परीक्षा देतोय. वर्ष वाया जाणार का?

बहुधा नाही. तत्त्वज्ञानाच्या जागा उशिरापर्यंत रिकाम्या राहतात, त्याचा इथे फायदा होतो. पोर्टलवरची नोंदणी आणि नंतरच्या फेऱ्यांच्या तारखा यांवर लक्ष ठेवा. मार्कशीटवर पूरक परीक्षेचा उल्लेख आला म्हणून लाजू नका. प्रवेशाच्या खिडकीवर त्याबद्दल कुणी विचारत नाही.

१८. आमचा जातीचा दाखला गुजरातचा आहे. पुण्याला चालेल का?

महाराष्ट्राच्या राज्य आरक्षणासाठी साधारणपणे चालत नाही. आडनाव आणि मातृभाषा मराठी असली तरी रहिवास गुजरातचा धरला जातो. तिथे खुल्या जागेचा हिशेब करूनच जा. केंद्रीय विद्यापीठांत मात्र ओबीसीसाठी जात केंद्राच्या यादीत असावी लागते आणि नॉन-क्रीमीलेअर दाखला केंद्राच्या नमुन्यातला लागतो. राज्याच्या नमुन्यातला दाखला घेऊन गेलेली मुलं परत येताना पाहिलीत. मामलतदार कचेरीत अर्ज करतानाच नमुना नीट बघा.

१९. मुलगा आधीच एकटा-एकटा असतो, सारखा विचार करतो. तत्त्वज्ञान घेतल्यावर आणखी बिघडेल का?

हा प्रश्न आया विचारतात, आणि हलक्या आवाजात विचारतात. ताई, दोन गोष्टी वेगळ्या करा. त्याला पुस्तकं आवडतात, गर्दी आवडत नाही, जेवताना अवघड प्रश्न विचारतो, एवढंच असेल तर त्याच्यासारखी चार मुलं वर्गात भेटल्यावर तो जास्त बोलायला लागेल. मी हे अनेकदा पाहिलंय. पण झोप गेली असेल, जेवण तुटलं असेल, "कशालाच अर्थ नाही" असं तो रोज म्हणत असेल, तर तो विषय निवडीचा प्रश्न नाही. आधी डॉक्टरांना दाखवा. तत्त्वज्ञान हे औषध नाही आणि आजाराचं कारणही नाही. कॉलेज सहा महिने उशिरा सुरू झालं तरी चालेल.

२०. मिळालं ते कॉलेज साधंच आहे. शिकवणंही जेमतेम. आता?

मग बडोदं कामाला लावा. विद्यापीठाचं हंसा मेहता ग्रंथालय आहे, मांडवीकडे सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये उभं केलेलं मध्यवर्ती ग्रंथालय आहे. जुनी हस्तलिखितं जपणारं प्राच्यविद्या मंदिर आहे. बौद्ध तत्त्वज्ञ शांतरक्षिताचा 'तत्त्वसंग्रह' १९२६ मध्ये गायकवाड सिरीजमधून छापला गेला आणि जयराशीचा 'तत्त्वोपप्लवसिंह' १९४० मध्ये. ज्ञानाच्या प्रत्येक साधनावर शंका घेणारा हा ग्रंथ पाटणच्या भांडारातल्या ताडपत्री हस्तलिखितावरून वाचला गेला. संस्कृत येत नसलं तरी एकदा त्याची छापील प्रत हातात घेऊन बघा.

आणि तीन मुलं जमवा. विषय तत्त्वज्ञानच असायला हवा असं नाही, वकिलीचा किंवा इतिहासाचा मुलगाही चालेल. आठवड्याला एक पान वाचायचं, प्रत्येकाने अर्धं पान लिहायचं, वह्यांची अदलाबदल करायची आणि दुसऱ्याच्या समासात निदान एक प्रश्न लिहून परत द्यायची. आमचा असा गट सूरसागर तलावाच्या कठड्यावर रविवारी सकाळी सातला बसायचा. पहिल्या रविवारी ठरलं होतं देकार्तचं पान: मी आत्ता जागा आहे, स्वप्नात नाही, हे कशावरून? नऊ वाजून गेले, ऊन आलं, शेवेची पुडी रिकामी झाली, आणि आम्ही पहिल्या परिच्छेदाच्या चौथ्या ओळीवर होतो.